सलोखा मंडळाची विहीर

लातूर जिल्हा झाला आणि प्रत्येक गोष्टीला जिल्हाध्यक्ष लागायला लागला. पैलवानांना लागला, भजनी मंडळांना लागला, तसा आमच्या इस्लाम व लोकशाही सलोखा मंडळालाही लागला. तोवर आम्ही नांदेड शाखेच्या हाताखाली होतो. ॲडव्होकेट मुनीरुद्दीन काझी म्हणाले, आता आपण कुणाच्या हाताखाली नाही. मग ते स्वतःच जिल्हाध्यक्ष झाले. निवडणूक घ्यायला वेळ नव्हता, कारण निवडणुकीच्या महत्त्वावर त्यांचं भाषण ठरलेलं होतं.

मंडळाचं काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. इस्लाममध्ये मशवरा, म्हणजे चार लोकांना विचारून कारभार करणं, पहिल्यापासून आहे. त्यामुळं मुसलमानाला लोकशाही परकी नाही, हे लोकांना सांगायचं. मला ते पटलेलं होतं. माझं सायकल दुरुस्तीचं दुकान मंडळाच्या कचेरीच्या समोरच. सभेला माणसं कमी पडली की गफूर सेक्रेटरी हाक मारायचा, "मौलाचाचा, हात धुऊन या, कोरम भरायचाय." मी हात धुऊन जायचो. पाणी आटत गेलं तसा हात पुसून जायला लागलो.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गल्लीतले आड कोरडे पडले. टँकर यायचा, पण त्यालाही आमच्या गल्लीचा रस्ता क्वचितच सापडायचा. पाणी राहिलं फक्त मंडळाच्या अंगणातल्या विहिरीला. वकीलसाहेबांनी तिच्यावर लोखंडी जाळी बसवली, जाळीला कुलूप घातलं आणि किल्ली शेरवानीच्या खिशात ठेवली. म्हणाले, मोठी परिषद भरवायची आहे, दिल्लीचे पाहुणे येणार, त्यांना पाणी नको का? परिषदेची तारीख ठरायची होती.

माझी बायको मदारबी त्यांना दर जुम्म्याला अडवायची.

"वकीलसाब, कुलूप घालताना मशवरा कुणासंगं केला हो?"

"भाभी, तो कार्यकारिणीचा विषय आहे."

"कार्यकारिणीला तहान लागत न्हाई काय?"

वकीलसाहेब हसायचे आणि रिक्षात बसायचे. मी तिला म्हणायचो, कशाला मोठ्या माणसाच्या तोंडी लागतीस. ती म्हणायची, "तोंडी लागतच न्हाई, त्यांच्या इहिरीला तोंड लावू म्हणून राहिले." मग घागर घेऊन रेल्वे फाटकापलीकडं पाण्याला जायची.

उन्हाळा तापायला लागला आणि मदारबी तापानं गेली. मी त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

मय्यतीला आंघोळ घालायला पाणी लागतं. आमच्या रांजणात तांब्याभर होतं. मी कचेरीकडं पळालो. वकीलसाहेब नांदेडला 'मशवरा : काल आणि आज' यावर बोलायला गेले होते आणि किल्ली त्यांच्याबरोबर गेली होती. मशिदीचे म्हातारे इमाम हाफिज यासीनसाब मला म्हणाले, "बेटा, पाणी नसलं तर तयम्मुम चालतो. पाक मातीवर हात फिरवायचे आणि तेच हात मय्यतीवर फिरवायचे. अल्लाहनं सवलत दिलीय."

शेजारच्या सरजाबाईनं ते ऐकलं. ती आतच होती, मदारबीच्या उशाशी.

"काय बोलून राहिले हाफिजजी? जल्मभर पाणी वाहिलं बाईनं डोक्यावर, आन् जाताना माती लावता तिला?"

ती गेली आणि घरची पिण्याची घागर आणून ठेवली. मग शरणम्मानं आणली. मग एकेक करून साऱ्या गल्लीनं आणली. मदारबीला इतकं पाणी जन्मात कधी मिळालं नव्हतं. त्या दिवशी गल्लीत कुणाची चूल पेटली नाही. बाहेरच्यांना वाटलं, दुखवटा पाळतात. दुखवटा होताच, पण शिजवायला पाणीही नव्हतं.

तेव्हापासून मला एकच हवं होतं. ते कुलूप निघायला हवं होतं.

महिन्याभरानं मंडळाची वार्षिक सभा भरली. आमच्या नियमात एक गोष्ट बरी होती, मतं मोजायला दुसऱ्या शाखेचा माणूस लागायचा. नांदेडहून प्राध्यापक व्यंकटराव आले. मंडळात हिंदूही होते आणि व्यंकटराव जुने सभासद. कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. बोट हवेत नाचवत मोजायचे, आणि मोजलेलं खोडायचे नाहीत.

पहिला ठराव, वकीलसाहेबांना परत अध्यक्ष करावं. गफूर म्हणाला, "अनुकूल असतील त्यांनी हात वर करा." मागच्या अंगणात बिर्याणीचं डेग उघडलं होतं आणि वास आत आला होता. सगळ्यांचे हात वर झाले. लवकर झाले.

मी उभा राहिलो. म्हणालो, "माझा पण एक ठराव हाय. इहीर गल्लीला खुली करा."

"मौलाभाई, हा विषय पत्रिकेवर नाही," वकीलसाहेब म्हणाले.

"मय्यत बी पत्रिकेवर नव्हती, वकीलसाब."

कोपऱ्यात एकजण खोकला. व्यंकटरावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सभासदाला ठराव मांडता येतो. मताला टाका."

वकीलसाहेब मंचावरून सगळ्यांकडं बघत राहिले. अर्ध्या लोकांचे खटले त्यांच्याकडं होते. मला कळून चुकलं की एकही हात उठणार नाही. गफूर पडेल आवाजात म्हणाला, "इहीर खुली करावी, या ठरावाला अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

मंचाच्या टोकाला हाफिजजी बसले होते. सभा संपताना दुआ मागण्यासाठी त्यांना बोलावलं होतं आणि भाषणं सुरू होताच त्यांचे डोळे मिटले होते. "हात वर करा" म्हणताच त्यांचे डोळे उघडले. ऐंशीच्या घरातला तो माणूस, त्याच्या लेखी हात वर करण्याचं कारण एकच. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि मोठ्यानं सुरुवात केली, "या अल्लाह! या बस्तीला पाणी दे!"

दुआ सुरू झाल्यावर हात खाली कोण ठेवणार? सगळ्या सभेचे हात उठले. वकीलसाहेबांचेही उठले. मंचावर असल्यामुळं त्यांनी जरा जास्तच वर केले, आणि "आमीन" सगळ्यांत मोठ्यानं त्यांचंच होतं. व्यंकटरावांचं बोट हवेत नाचत होतं.

दुआ संपली. व्यंकटराव म्हणाले, "माणसांपेक्षा हात दुप्पट निघाले, म्हणून निम्मे धरले. ठराव एकमतानं मंजूर."

"अहो, ती दुआ होती!" वकीलसाहेब उठले.

"असेल. ठराव मांडला, हात वर करा म्हटलं, हात वर झाले. मी हात मोजतो, मनं मोजत नाही."

"हे चालणार नाही! परत मतदान घ्या."

"घेऊ की. पहिल्या ठरावापासून घेऊ. तिथं बी हात कशासाठी वर झाले, ते विचारावं लागंल." व्यंकटरावांनी मागच्या अंगणाकडं बघून वास घेतला. सभा हसली.

मी म्हणालो, "वकीलसाब, एवढंच सांगा. आत्ता अल्लाहकडं पाणी मागितलं, ते मनापासून का उगीच?"

त्यांनी हाफिजजींकडं बघितलं. हाफिजजींनी डोळे परत मिटले होते. ती दुआ झोपेत झाली का जागेपणी, हे मी त्यांना नंतरही विचारलं नाही. वकीलसाहेबांनी शेरवानीच्या खिशात हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

पुढं त्यांनी नांदेडला या ठरावावर तासभर भाषण दिलं म्हणे, विषय 'पाण्यातून लोकशाहीकडं'. ते नंतरचं झालं.

त्या दिवशी जाळी मीच उघडली. पहिली घागर मी शेंदली, मदारबीचीच, आणि खांद्यावर घेऊन निघालो.

"कुठं निघाला मौलाभाऊ?" सरजाबाईनं विचारलं.

"कब्रस्तानात. तिच्यावर शिंपतो."

"ह्याच पाण्यासाठी भांडली बाई, आन् तुमी मातीत घालता? आना हिकडं."

तिनं घागर माझ्या खांद्यावरून उतरवून घेतली आणि आपल्या घरात नेली. मी उंबऱ्यावर बसून राहिलो. आतून चूल पेटल्याचा धूर आला. थोड्या वेळानं तिनं चहा आणून दिला आणि म्हणाली, "प्या. तिच्या घागरीतला हाय."