निरोगी गुआपोते

कालव्यातले मासे मेले गुरुवारी आणि सरकारी तपासनीस डॉन विल्बर्थ पाहणीला आले सोमवारी. तोवर गिधाडांनी आपली पाहणी उरकली होती. "उकाड्यानं पाण्यातला प्राणवायू घटला," असं डॉन विल्बर्थ यांनी होडीतून न उतरताच लिहिलं.

अहवाल तसाच गेला असता तर पुढच्या महिन्यात केळीच्या मळ्यात पुन्हा तेच कीड मारायचं औषध पडणार होतं, आणि मग जाळी घरात टांगूनच ठेवायची होती. मंगळवारी सकाळी डोन्या सोराइदा मेलेले मासे भरलेली बर्फाची पेटी घेऊन त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. चाळीस वर्षं ती त्या कालव्यात मासे धरत होती. हवा कमी पडलेला मासा वर येऊन तोंड वासतो. हे गुआपोते मासे वाकडे होऊन थरथरत, पर ताठ करून मेले होते.

"मुळांच्या किड्यांवरचं औषध आहे साहेब. पावसानं वाहून आलं. विद्यापीठातल्या एका मुलीनं सांगितलंय. मज्जातंतू एक रसायन सोडतो, स्नायूला म्हणतो, आवळ. मग दुसरं रसायन येऊन ते पुसून टाकतं. औषधानं हे पुसणारंच मारलं. हुकूम पुसला जात नाही, मासा आवळून आवळून मरतो."

"आमच्या खात्यात असं होत नाही."

"तुमच्या खात्यात हुकूमच निघत नाही."

डॉन विल्बर्थ यांनी शांतपणे नियमांचं पुस्तक उघडलं. "पुसणारं कमी झालंय म्हणता, पण कशाच्या मानानं? तुलनेला त्याच कालव्यातला, त्याच जातीचा निरोगी मासा लागतो."

"सगळे मेले की."

"हीच तर अडचण आहे बाई. आधी धरलेला असला तरी चालेल, पण सरकारी सहीशिक्क्याचा हवा."

सोराइदाचे कान तापले. मेलेल्या माशांनी मरायच्या आधी शिक्का मारून घ्यायला हवा होता तर. ती घराकडे निघाली.

दुपारी साडेतीनला तिने त्याच टेबलावर वर्तमानपत्राचं पुडकं आपटलं. आत बर्फात गोठवलेला तीन किलोंचा गुआपोते, गुड फ्रायडेच्या जेवणासाठी राखलेला. कल्ल्यातून ओवलेल्या तारेला चिठ्ठी: 'कालव्याची मासेमारी स्पर्धा, पहिला क्रमांक. मासा ताजा व निरोगी.' खाली गेल्या महिन्याची तारीख, शिक्का आणि परीक्षकांची सही.

परीक्षक डॉन विल्बर्थ होते. भाषणही त्यांनीच ठोकलं होतं.

त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली. "माझ्यासारखी दिसते खरी."

"शिक्काही तुमच्यासारखाच आहे. तिरका."

"चार वाजत आले. उद्या बघू."

सोराइदाने खुर्ची ओढून दारात लावली आणि तीत बसली. "मेलेल्या आणि निरोगी, दोन्ही माशांची पोचपावती लिहा, आणि प्रयोगशाळेचं पत्र. मासा वितळतोय. मला घाई नाही."

डॉन विल्बर्थ यांचा हात पेनापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"बोटं आवळा, साहेब," ती म्हणाली.