होल्टर कंपनीची पहिली गाडी

लाल रंगाची होल्टर गाडी अमेरिकेतल्या कुठल्या पोरानं ओढली नाही? ती आमच्या गावची. कंपनीचा मूळ धंदा शवपेट्यांचा, हे मात्र कंपनी कुठे छापत नाही. गावाला माहीत आहे. पण आम्ही नॉर्वेहून आलेली माणसं, जे सगळ्यांना ठाऊक आहे ते बोलणं म्हणजे उधळपट्टी समजतो.

एकोणीसशे अठरा सालच्या साथीच्या तापात फळ्या पुरेनात, तेव्हा रीत पडली: कंपनीचा सुतार जिवंत माणसाचंच माप घेऊन जायचा. तयार पेटी परत नाही. दुसऱ्याच्या मापात आपलं माणूस कोण ठेवणार? बोर्गहिल्ड ट्वेटनची दोन्ही मुलं तापली होती. थोरली सिग्ने त्यातल्या त्यात बरी होती; धाकटा आर्विड निळा पडला, म्हणून त्याचं माप दिलं. तो उठून बसला. मग टोरवाल्ड सुतारानं पेटीच्या बाजू कापून बुटक्या केल्या आणि खाली चाकं लावली. शेजारची पोरं तशीच गाडी मागू लागली आणि मालकांना धंदा दिसला.

बोर्गहिल्डची पुढे सगळ्या गावाकडे एकच मागणी होती: आर्विडला हे कळू नये. गाव गप्प राहिलं. फुकटात होण्यासारखा उपकार होता.

त्रेपन्न साली शिकागोहून जाहिरातवाले केसलर आले. पहिली गाडी आणणाऱ्याला फोरमन करू, असं मालकांनी कबूल केलं होतं. आई चर्चमध्ये बायकांबरोबर कॉफीला गेलेली बघून आर्विडनं कोठारातली गाडी कंपनीच्या कचेरीत आणली. मी तिथं कारकून. खात्री करायला टोरवाल्डला बोलावलं होतं. तो गाडीच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवत होता, तेवढ्यात बोर्गहिल्ड एप्रनसकट दारात.

“आर्विड, उचल ती गाडी. घरी चल.”

“कॉफी सोडून आलीस? जग बुडालं की काय, आई?”

“उचल म्हणते ना.”

“अगं, काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. पोरगा फोरमन होतोय, तर हिचं तोंड बघा!”

“बाई,” केसलर म्हणाले, “बापानं आजारी पोरासाठी बनवलेली गाडी! अख्खा देश रडेल.”

“बापानं नाही, मी बनवली,” टोरवाल्ड म्हणाला. “आणि गाडी नव्हती बनवली.”

“टोरवाल्ड, तोंड मिट.”

“मला सहीला बोलावलंय, बोर्गहिल्ड. खोट्यावर मी सही करत नाही.”

म्हाताऱ्याचा हा सद्गुण फार महागडा. बिल नेहमी दुसऱ्याच्या नावावर. त्यानं सगळं सांगितलं.

आर्विड आधी हसला. “म्हणजे मी माझ्याच पेटीत बसून गावभर हिंडलो? काका, गादी तरी घालायची!”

कोणी हसलं नाही. त्याचंही हसू ओसरलं.

“आणि सिग्नेचं माप?”

“तिचा ताप कमी होता,” बोर्गहिल्ड म्हणाली. “फळ्या एकाच पेटीच्या मिळाल्या. तू जाणार असंच आम्ही धरून चाललो होतो.”

“गेली ती. मग तिला पेटी का नाही दिलीत?”

“मावत नव्हती. तुझ्यापेक्षा उंच होती ती.”

“मग कशात पुरली तिला?”

“चादरीत.”

टोरवाल्ड खिडकीबाहेर बघू लागला. त्याच्या सत्यात हे बसलं नव्हतं.

“आणि मी गाडीत बसत होतो?”

“तू तिलाच हाका मारत होतास, रे. थांबतच नव्हतास. चाकं लावल्यावर थांबलास.”

केसलरनी घसा खाकरला. “पेटीचं ठेवूया. चादरीचं गाळू. लोकांना ते जड जाईल.”

“पेटीचंही नको,” आर्विड म्हणाला. “बापानं बनवली. तुमचं तेच बरं. कुठे करू सही?”

मी दौत पुढे सरकवली. त्याच्या हिशेबात आईची इभ्रत आणि फोरमनकी एकाच सहीत साधत होती.

बोर्गहिल्डनं मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. सही पुरी होईपर्यंत त्यानं तो राहू दिला. मग बाजूला सरकला.