कामावरची बाई

इस्पितळात तिला तोंडावर सगळे बाई म्हणत आणि पाठीमागे 'लोणी'. पेशंटांची समजूत घालणं हेच तिचं काम. एखादा पेशंट ऑपरेशनला नाही म्हणाला, की डॉक्टर लोणीला पाठवत. जिभेवर साखर ठेवून ती जायची आणि होकार घेऊनच परत यायची. तिची पद्धत ठरलेली. "करायचं का?" असं चुकूनही विचारायचं नाही. "सकाळी करूया की दुपारी?" असं विचारायचं. माणूस बिचारा वेळ निवडण्यात गुंततो आणि नाही म्हणायचं राहूनच जातं. आहे की नाही गंमत?

पण या खेपेला खाटेवर तिचे स्वतःचे वडील होते. मधुमेहानं पाय काळा पडलेला. गुडघ्याखालून काढला नाही तर विष अंगभर पसरेल, माणूस हातचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. बाबांनी साफ नाही म्हटलं. जन्मभर पायी टपाल वाटलेला माणूस तो! "अख्खा आलो, अख्खा जाईन," एवढंच त्यांचं पालुपद. धाकटा भाऊ रडकुंडीला आला. "ताई, साऱ्या जगाला पटवतेस, आता बापाला पटव की!"

ती खाटेशी खुर्ची ओढून बसली. त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, सकाळी करूया की दुपारी?"

बाबा तिच्याकडे बघतच राहिले. "शेजारच्या खाटेवरच्यालाही काल हेच विचारलंस ना? मी जागा होतो, बये."

तिचा चेहरा पडला. मग तिनं नातवंडांचं काढलं, लाकडी पायाचं काढलं, वरच्या मजल्यावरचे मास्तर कसे पुन्हा चालू लागले तेही रंगवून सांगितलं. बाबा शांतपणे ऐकत होते.

"छान बोलतेस गं. पण मला कामावरची बाई नकोय. माझ्या पोरीला काय वाटतं ते सांग, मग बघतो."

आता आली का पंचाईत! इतकी वर्षं दुसऱ्यांना पटवणाऱ्या बाईला स्वतःचं एक वाक्य सापडेना. जे सुचावं ते आधी कुणाला तरी ऐकवलेलं. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "मला भीती वाटते, बाबा. तुम्ही गेलात तर मी भांडायचं कुणाशी?" आणि तिला हुंदका फुटला.

बाबांचेही डोळे भरून आले. "अगं वेडे, रडतेस काय अशी? काढा म्हणावं पाय."

भाऊ डॉक्टरांना सांगायला पळाला. ती बाहेर बाकावर येऊन बसली. सिस्टरनं पाणी आणून दिलं. "सुटलात बाई एकदाच्या!"

तिला काही सुटल्यासारखं वाटेना. कामाला लागलेल्या नव्या मुलींना तीच शिकवायची, की सगळे उपाय थकले तर स्वतःच्या मनातली भीती बोलून दाखवा, आवाज जरा कापू द्या, समोरचा विरघळतोच. आत्ता आत नेमकं तेच झालं होतं. माझं रडू खरं होतं, अगदी देवाशप्पथ खरं होतं, असं ती स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि जितकं सांगावं तितकं तिला ते पटत नव्हतं.

आतून बाबांनी लहानपणच्या नावानं हाक मारली. तिला उठायचा धीर होईना.