डिकीचं माप

टेलरबाई शोरूममध्ये शिरल्या त्या गळ्यात टेप घालूनच. मागून थोरले दीर लेकीची चाकांची खुर्ची ढकलत आले आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता.

"ही गाडी आहे की काडेपेटी? माझी सात माणसांची गाडी दारात असताना हिची गरज काय? हाक मारली की आलोच मी."

आले कसले! गेल्या गुरुवारी लेक मुलाखतीसाठी इस्त्रीचे कपडे घालून दोन तास दारात बसली होती. भाऊजींची गाडी त्यांच्या मित्राचं सामान हलवायला गेली होती आणि टॅक्सीवाले खुर्ची बघून वेग वाढवत होते. कचेरीतल्या साहेबांनी येत्या सोमवारी पुन्हा बोलावलं, हा त्यांचा चांगुलपणा. तिसऱ्यांदा कोण बोलावतं? टेलरबाई गाडी चालवायला शिकल्या होत्या, पण त्यांच्या आवाक्यातली हीच एक गाडी होती. हिच्यात खुर्ची मावली नाही, तर लेकीचं पाऊल भाऊजींच्या मर्जीवर अडकणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं आणि त्याची त्यांना चीड होती.

"मॅडम, डिकी दोनशे साठ लिटरची आहे," विक्रेता म्हणाला.

"मला काय दूध ओतायचंय तिच्यात? इंचांत सांगा."

इंच त्याला ठाऊक नव्हते. टेलरबाईंनी पदर खोचला आणि त्या कमरेपर्यंत डिकीत शिरल्या. गिऱ्हाइकानं तोंडी सांगितलेल्या मापावर त्यांनी तीस वर्षांत कधी कात्री चालवली नव्हती, तर छापील कागदावर काय विश्वास ठेवणार? रुंदी साडेसदतीस इंच भरली. घरून लिहून आणलेल्या चिठ्ठीवर घडी केलेल्या खुर्चीची लांबी होती एकोणचाळीस.

दीड इंचानं घोडं अडलं.

"मी म्हटलंच होतं," भाऊजी म्हणाले. त्यांना झालेला आनंद त्यांच्याच्यानं लपवेना.

लेकीनं आईच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली. "आई, खुर्ची छत्तीसची आहे. वरचे तीन इंच कुठले?"

"माया."

"माया?"

"मग? शिलाईला माया सोडायला नको? उद्या अंग भरलं तर कापड उसवून..." बोलता बोलता त्या थांबल्या.

"लोखंडाचं अंग भरतं होय गं?" लेक म्हणाली आणि इतकी हसली की विक्रेत्यालाही राहवेना. टेलरबाईंचे कान लाल झाले. सवय वाईट, दुसरं काय!

लेक हातांवर भार देऊन सरकत स्वतःच पुढच्या सीटवर जाऊन बसली. भाऊजी मदतीला वाकले, पण टेलरबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. खुर्चीची घडी केली, पाय ठेवायच्या पट्ट्या काढल्या, गुडघ्याचा रेटा दिला. डिकी एका दणक्यात बंद झाली.

"मावली," भाऊजी म्हणाले. "पण व्यवहार नको का बघायला? सगळे मिळून कुठे निघालो, तर आम्ही नवरा-बायको आणि दोन्ही पोरांनी हिच्यात बसायचं कुठं?"

"तुम्हाला बसायचंच नाहीये, भाऊजी."

आवाज चढला नव्हता. पण वीस वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं, आणि बोलून टेलरबाईंना फार बरं वाटलं. विक्रेत्यानं उगाच गाडीचा आरसा पुसला. मग त्यानं हळूच कागद पुढे केला.

"गाडी कोणाच्या नावावर करायची?"

घरातल्या साऱ्या कागदांवर आजवर भाऊजीच सही ठोकत आले होते. त्यांनी खिशातून पेन काढून टोपण उघडलं. टेलरबाईंनी ते त्यांच्या बोटांतून अलगद सोडवून घेतलं आणि खिडकीतून लेकीच्या हातात दिलं.

"नीट वाचून सही कर," त्या म्हणाल्या. "घाई नाही. काका थांबतील."