पाचर अंगठ्यानं बसवावी

मी बोलतोय खरा, पण आधीच सांगतो, मी अस्सल नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच्या सहाबारी रिव्हॉल्वरची मी हुबेहूब नक्कल आहे, तीही ठासणीची. माझ्या चक्राच्या सहा घरांत काळी दारू भरायची, वर शिशाच्या गोळ्या ठासायच्या, मागे तांब्याच्या टोप्या चढवायच्या आणि मग घोडा ओढायचा. एवढा खटाटोप करून गोळीपेक्षा धूरच जास्त निघतो. तरी माणसं माझ्यावर जीव टाकतात, याचं मला अजून नवल वाटतं.

माझा जन्म इटलीतल्या एका खोऱ्यातला. पण तिथं मला पुरतं घडवलंच नाही. सुटे भाग, खडबडीत लाकडी मूठ, सगळं एका खोक्यात घातलं आणि पाठवलं अमेरिकेत, केंटकीच्या डोंगरात. तिथं एका हिवाळ्यात डॉयल आणि एमेट टॅकेट या दोघा भावांनी मला जोडलं. डॉयल थोरला, कोळशाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त करायचा. एमेट धाकटा, लाकडाची खेळणी कोरायचा. डॉयलच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कानस चालायची आणि त्याची बायको व्हर्ना ओरडायची, "मक्याच्या ब्रेडमध्ये लोखंडाचा कीस सापडला ना, तर तोच वाढीन दोघांना!"

आई मला मिळाली नाही, पण त्या हिवाळ्यात दोन बाप मिळाले. लाड म्हणाल तर दोघांनीही केले.

उन्हाळ्यात टेकडीवरच्या माळावर नेमबाजांचा मेळा भरायचा. जुन्या काळच्या टोप्या, पट्टे, जाकिटं घालून मंडळी यायची. मोठमोठ्या पातेल्यांत घेवडा शिजायचा. धूर, हशा, पैजा. आणि त्या मेळ्यात माझी दरवर्षी शोभा व्हायची. पहिल्या सहा गोळ्या मी झोकात सोडायचो. पुन्हा भरलं की दुसऱ्या-तिसऱ्या गोळीला चक्र अडकायचं. घोडा ओढता ओढता डॉयलचा चेहरा लालबुंद व्हायचा.

"काजळी!" तो म्हणायचा. काळ्या दारूची काजळी चिवट असते, हे खरंच. त्यानं मला आधी गाडीचं ग्रीस लावलं, तर काजळी त्यात मिसळून डांबर झालं. मग व्हर्नाच्या तव्यात मेण आणि बकऱ्याची चरबी वितळवून लावली. मी जरा सुधारलो. रोग मात्र तिथंच राहिला.

रोग काजळीत नव्हताच, तो डॉयलच्या हातोडीत होता. माझ्या मधोमध एक पोलादी कणा आहे. त्याच्याभोवती चक्र फिरतं आणि पुढं नळीच्या भोकात तो शिरतो. नळी जागेवर धरते ती आडवी पाचर. माझा कणा भोकाच्या तळापर्यंत पोचत नाही, जरा आखूड आहे. म्हणून पाचर ठोकली की नळी मागं ओढली जाऊन चक्राला चिकटते. मग मधे काजळीचा पापुद्रा आला तरी बस, अडकलंच. पण डॉयलचा जन्म खाणीत गेलेला. तिथं ढिला बोल्ट म्हणजे कुणाचा तरी जीव. त्यामुळं तो पाचर ठोकायचा ती अगदी शेवटपर्यंत.

एमेटनं हे ओळखलं होतं. ते त्यानं चारचौघांत बोलून दाखवलं, तिथं घोटाळा झाला. मेळ्यात मी अडकलो तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "अरे, माझ्या भावाला गोळ्या कशाला देता? नेम तो हातोडीनंच धरतो!" सगळी टेकडी हसली. डॉयलनं मला पेटीत टाकलं, गाडी सुरू केली आणि धाकट्या भावाला तिथंच सोडून निघून आला. त्या दिवसापासून दोघांनी बोलणं टाकलं. मी कपाटात पडून राहिलो. कपाटातली वर्षं फार लांब असतात हो.

मग एका सकाळी व्हर्ना नवऱ्याला म्हणाली, "एमेटला आता फक्त कडेकडेचं दिसतं. पुढच्या मेळ्यापर्यंत तेही जाईल म्हणतात डॉक्टर. या शनिवारच्या मेळ्यात शेवटचा नेम धरणार आहे तो."

"मग मी काय करू?"

"काही करू नकोस. ब्रेड खा आणि बसून राहा खुंटासारखा."

डॉयलनं ब्रेड खाल्ला नाही. त्यानं मला उचललं.

एमेटनं दार उघडलं तेव्हा डॉयलनं मला पुढं केलं. म्हणाला, "हा अजून अडकतोय. जरा बघ."

"बघू? मी?"

डॉयलचा चेहरा पडला. मग तो पुटपुटला, "हात आहेत ना शाबूत?"

"हात आहेत." एमेट बाजूला सरकला. "ये. पाय पूस मात्र."

एमेटनं मला चाचपत सुटं केलं. ती बोटं मला लगेच ओळखू आली आणि खरं सांगतो, मला भरून आलं. त्यानं नळीच्या भोकात मेणाची गोळी दाबली, मला जोडलं, पुन्हा उघडलं. तळाशी चेपलेलं मेण डॉयलच्या हातावर ठेवून म्हणाला, "एवढी पोकळी आहे. एवढीच चकती हवी."

जुन्या पितळी बटणाची चकती झाली. डॉयल घासायचा, एमेट बोटांनी जाडी तपासायचा. "अजून." "अजून?" "अजून रे, घाई कसली?" चकती भोकाच्या तळाशी बसली आणि पहिल्यांदाच माझा कणा कशाला तरी टेकला. एमेटनं पाचर नुसती अंगठ्यानं दाबली. सवयीनं डॉयलचा हात हातोडीकडे गेला, तर एमेटनं तो अचूक धरला. धरलेला हात मग बराच वेळ सोडलाही नाही.

"मी तसं बोलायला नको होतं," एमेट म्हणाला.

"मी तुला टेकडीवर सोडायला नको होतं," डॉयल म्हणाला.

शनिवारी पंचांनी डॉयलला एमेटच्या पाठीशी उभं राहायची परवानगी दिली. समोर लोखंडी पाटी. "जरा डावीकडं. खाली. हं." मी सुटलो.

"लागली?"

"लागली!" डॉयल म्हणाला.

गोळी मागच्या मातीत घुसली होती. दुसरी, तिसरीही तशीच. दर वेळी डॉयल म्हणाला, "लागली!" मागं उभ्या लोकांनी मूग गिळले. मला पुन्हा भरलं, पुन्हा रिकामं केलं. चक्र एकदाही अडलं नाही. शेवटी एमेटनं मला खाली धरलं.

"डॉयल, गोळी लागली की पाटी वाजते. मी आंधळा होतोय रे, बहिरा नाही."

डॉयलला आधी हुंदका फुटला, मग हसू. एमेट तर पोट धरून हसला. टेकडीही हसली, पण या वेळी कुणी गाडी सुरू केली नाही.

आता एमेटला काहीच दिसत नाही. मी त्याच्याच घरी असतो. त्या शनिवारनंतर मला कुणी झाडलेलं नाही. तरी डॉयल दर रविवारी येतो, मला सुटं करतो, आत डोकावून म्हणतो, "काजळी फार साचलीय रे." एमेट माझ्या चक्राच्या घरांतून बोट फिरवतो. बोटाला काही लागत नाही. "साचलीय खरी," तो म्हणतो, "ठेव पाणी तापत." मग साबणाचं गरम पाणी, चरबीचा हात आणि दुपारभर गप्पा.

अशानं एखाद दिवशी मी गंजेन. गंजू द्या. तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर तेवढी एक मेहेरबानी करा. मी स्वच्छ आहे, हे दोघांपैकी कुणालाही सांगू नका.