फक्त माशाची

बोलतेय ती मी, बादली. टाकी नव्हे. टाकीला बोलायची गरजच काय? तिच्याबद्दल सगळं घरच बोलत असतं.

मी निळी, प्लास्टिकची, झाकणवाली. घरात आले त्याच दिवशी मालकांनी माझ्यावर जाड अक्षरांत लिहिलं, 'फक्त माशाची'. साबण, फिनेल, धुणं यांतलं काहीही मला आजवर शिवलेलं नाही. मालक घड्याळं दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांचं सगळं वेळेवर. शनिवारी संध्याकाळी मला नळाखाली भरायची आणि उघडी ठेवायची, म्हणजे पाण्यातला क्लोरीन उडून जातो. रविवारी संध्याकाळी टाकीतलं पाव पाणी काढून तेवढंच माझ्यातलं घालायचं. सगळं पाणी एकदम कधीच बदलायचं नाही.

एवढं राबून मी पुन्हा मोरीच्या दाराआड. आणि ती काच? बाहेरच्या खोलीत, डोक्यावर दिवा, पोटात शेठ! शेठ म्हणजे आमचा गोल्डफिश, ढेरपोट्या, दिवसभर नुसतं तोंड चालवणारा. पाहुणे वाकून वाकून म्हणायचे, "काय सुंदर टाकी आहे हो!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पाणी माझं आणि कौतुक तिचं!

मग मालकांची थोरली बहीण राहायला आली. ताई स्वच्छतेची भारी भोक्ती. रविवारी सकाळी मालक दुकानात गेले आणि तिला टाकीच्या काचेवर हिरवट थर दिसला. झालं! शेठला पातेल्यात काढलं, सगळं पाणी ओतून दिलं, काच भांड्यांच्या साबणाने घासली, फिल्टरचा स्पंजही खळखळून धुतला आणि टाकी थेट नळाच्या पाण्याने भरून टाकली.

मी तीन पावलांवर भरलेली उभी होते. मला बोलता येत नाही हे खरं. पण तेव्हा बोलावंसं वाटलंही नाही, हे जास्त खरं. उलट बरंच वाटलं. म्हटलं, जिरू दे हिची एकदा.

जिरली ती बिचाऱ्या शेठची. दुपारी मालक जेवायला आले तेव्हा तो एका कुशीवर कलंडून, तोंड वर काढून धापा टाकत होता.

"ताई, पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचंच. अरे, किती घाण होती आत! लख्ख केली बघ."

मालकांनी घाईघाईने शेठला उचलून माझ्यात सोडलं आणि हवेची नळी लावली.

इतकी वर्षं जे मागत होते ते मिळालं. आता घरातली माणसं माझ्यावर वाकू लागली, पण कौतुक कोणाच्याच तोंडी नव्हतं. शेठ तळाशी पडलेला, कल्ले जेमतेम हलत होते. मी मनात म्हणत होते, जा बाबा टाकीत, मिरव हवं तेवढं, पण जग.

ताई स्टूल घेऊन शेजारी बसून राहिली. "मी मारलं रे त्याला."

"तुला कोणी सांगितलंच नव्हतं. चूक माझी आहे," मालक म्हणाले.

बहीणभावांनी चूक वाटून घेतली. माझा वाटा कोणी विचारला नाही. माझ्यातलं पाणी रोज थोडं थोडं बदलायला, आदल्या दिवशी पाणी भरून उघडं ठेवायला मालकांनी एक नवं पातेलं आणलं, आणि मला त्याचा हेवासुद्धा वाटला नाही.

पाचव्या दिवशी शेठ फिरू लागला. दोनदा शेपूट हलवली की माझी भिंत आलीच. तो तिला नाक लावून थांबायचा. निळ्या भिंतीपलीकडचं त्याला कोणी दिसत नव्हतं. ही जागा त्याची नव्हे, हे मलाही कळलं. टाकी साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा विसळून, भरून, पाणी तपासून झाल्यावर आठवड्याने तो परत गेला.

मी पुन्हा दाराआड. हेवा गेला म्हणता? छे! कालच एक पाहुणी टाकीसमोर पाऊण तास बसून होती, मी इथे जळत होते. तुम्हाला एवढंच सांगते, मासा पाळाल तर त्याची बादली वेगळी ठेवा आणि घरी येणाऱ्याला ती आधी दाखवा. आम्हाला ओरडता येत नाही.

ताई आपल्या घरी गेली. दर शनिवारी संध्याकाळी तिचा फोन येतो, आणि तिचा पहिला प्रश्न मोरीपर्यंत ऐकू येतो, "बादली भरलीस का रे?"

शेठ कसा आहे, हे ती नंतर विचारते. टाकीचं अजून एकदाही विचारलेलं नाही.