फळ्यावरचा भाव

सन १९९४ चा हिवाळा सरत होता. आमच्या त्या दूरच्या छोट्या देशात एका डॉलरचा भाव तिथल्या पैशात बारा होता. मला पक्कं आठवतं, कारण बाराचा आकडा माझ्याच अंगावर होता.

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, शाळेचं तोंडही मी पाहिलेलं नाही. एका मोडक्या कपाटाची फळी निघाली, तिला काळा रंग फासला, तो मी. पैसे बदलून देणाऱ्या दुकानाच्या दारात मला टांगलं. दुकानदाराला सगळे काका म्हणत. रोज सकाळी ते मला ओल्या फडक्याने पुसत आणि खडूने भाव लिहीत. जे लिहिलं ते मी दाखवलं. कामात कसूर केली नाही.

तरी शिव्या मलाच. “काय रे काळतोंड्या, आज पुन्हा चढवलंस?” अरे, मी चढवतो? नाचता येईना आणि म्हणे अंगण वाकडं. एकजण तर थुंकून गेला. त्याचा डाग अजून आहे.

शेजारच्या गल्लीत एक बाई मोजे विणायची. नवरा गेल्यावर परदेशातल्या दिराने तिला विणायचं मशीन घेऊन दिलं होतं. चारशे डॉलर, उसने. वर म्हणाला होता, “नाही जमलं तर मशीन विकून टाका, वहिनी. मी समजून घेईन.” ते समजून घेणं तिच्या जिव्हारी लागलं होतं.

भाव बारा असताना तिच्याजवळ निम्मे पैसे जमले होते. काका म्हणाले, “ताई, दोनशे डॉलर आज घेऊन टाका.”

“तुकड्यांनी नाही फेडायचं. भाऊजींना चारशेच्या चारशे एकदम देणार.”

“भाव तुमच्यासाठी थांबायचा नाही.”

“उतरेल हो. चढलेलं उतरतंच.”

मी तिथेच होतो. पण फळ्याने आकडा दाखवावा, सल्ला देऊ नये.

भाव का चढत होता, ते दारातून दिसत होतं. डॉलर मागायला शंभर यायचे, विकायला चार. तेल बाहेरून, औषध बाहेरून, यंत्राचा खिळासुद्धा बाहेरून. आपला माल बाहेर कुणी घेईना. सरकारची तिजोरी आटली, तसे पगार भागवायला नोटा छापल्या. इतक्या कोऱ्या नोटा यायला लागल्या की मोजताना काकांच्या बोटांना चिकटायच्या. जे उकिरड्यासारखं वाढतं त्याला किंमत कोण देणार? मग लोक घाबरले. ज्याला डॉलरचं काम नाही, तोही घ्यायला धावला. त्या धावण्यानेच भाव आणखी चढला. सगळे एकमेकांना ढकलत होते आणि बोट माझ्याकडे दाखवत होते.

मग वरून हुकूम आला. फळ्यावर चौदाच लिहायचं. काकांनी पुढे चौदा लिहिलं आणि खरा भाव माझ्या पाठीवर. गिऱ्हाईक विचारायचं, “चौदाने मिळतो का?”

“नाही.”

“मग लिहिलंय कशाला?”

“वाचायला.”

लोक हसायचे. मला हसू आलं नाही. जन्मात पहिल्यांदा मला खोटं बोलायला लावलं होतं.

पुढच्या हिवाळ्यात ती बाई आली. हातात पैशांचं पुडकं, काखेत मोज्यांचं गाठोडं. चारशे डॉलरचे पैसे तिने पुरे केले होते, बाराच्या हिशेबाने. काकांनी मला उलटा करून दाखवलं. चोवीस.

म्हणजे पुन्हा निम्मेच.

“काका,” ती म्हणाली, “मी वर्षभर विणतेय की उसवतेय?”

काखेतलं गाठोडं तिने खाली ठेवलं. “मशीनला गिऱ्हाईक बघा.”

दुकानात सीमेपलीकडचा एक ट्रकवाला पैसे बदलायला उभा होता. त्याने गाठोड्यातला एक मोजा ओढून पाहिला. “जोडी केवढ्याला?”

तिने सांगितलं. त्याने माझ्या पाठीवरचा आकडा वाचला, मनात हिशेब केला आणि हसला. “बाई, एवढ्या पैशांत आमच्याकडे एक पायसुद्धा झाकला जात नाही. सगळं गाठोडं द्या.” त्याने दहा डॉलर मोजले. “पुढच्या खेपेला आणखी नेईन. आमचे सगळे ड्रायव्हर घेतील.”

तिचं सूत जुने स्वेटर उसवून काढलेलं, इथलंच. बाहेरचं सूत वापरणाऱ्यांचे धंदे केव्हाच बसले होते. आपला पैसा पडला म्हणून तिचा माल परक्याला स्वस्त झाला होता. वर्षभर जो आकडा तिला खात होता, त्यानेच तिला गिऱ्हाईक आणून दिलं. मला त्याचं कौतुक नाही. शंभरांना बुडवून एकीला तारलं, त्याचं काय कौतुक करायचं?

काका पुढे झुकले. “ताई, ते दहा मला विका. तेवीसने घेतो.”

तिने ते मुठीत घट्ट धरले. मग पुडकं काकांपुढे सरकवलं. “याचे येतील तेवढे डॉलर द्या. त्यात हे दहा घाला. आणि भाऊजींना पाठवून द्या.”

“तुकड्याने?”

“तुकड्याने.”

मशीन विकायचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. ट्रकवाले येत राहिले. कधी पंधरा, कधी वीस डॉलर जात राहिले. भाव सत्तावीस झाला, मग एकतीस. ती आत जायची, ट्रकवाल्यांचे डॉलर ठेवायची, निघायची. माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही.

उन्हाळा संपायच्या आत शेवटचे आठ डॉलर गेले. कर्ज फिटलं.